झील कोण धरणार? जोहान्सबर्गच्या मंडईतलं एक नाटक

मुक्काम_जोबर्ग (धागाकर्ती)
शनिवार, रात्री ११:५२

आत्ताच घरी आले. झोप येईना म्हणून लिहायला बसले, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

इथे येऊन पावणेदोन वर्षं झाली. अंधार पडल्यावर शहराच्या मधल्या भागात जायचं नाही, हा देशी मंडळींनी विमानतळावरून घरी येतानाच दिलेला पहिला धडा. त्यामुळे न्यूटाउनचं मार्केट थिएटर बघायला एवढे दिवस लागले. शेवटी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "मी नेते, तू फक्त डबा आण." ती सोवेटोत, म्हणजे शहरालगतच्या काळ्यांच्या वस्तीत वाढलेली. माझ्या थालीपिठांवर तिचा डोळा असतो.

मार्केट म्हणजे खरंच मंडई बरं का. १९१३ सालची फळबाजाराची इमारत, तिला इंडियन फ्रूट मार्केट म्हणायचे. वरच्या लोखंडी कैच्या बघितल्यावर मला आधी पुण्याची महात्मा फुले मंडई आठवली आणि मग पेरूचा वास. बाजार दुसरीकडे हलला, आणि बार्नी सायमन नि मॅनी मॅनिम या दोघांनी ही जागा घेऊन तिचं नाट्यगृह केलं. सरकारी पैसा न घेता. पहिलं नाटक चेखॉव्हचं 'सीगल', २१ जून १९७६. तारीख बघा. १६ जूनला सोवेटोत शाळकरी मुलांच्या मोर्च्यावर गोळ्या चालल्या होत्या. शहर धुमसत असताना पाचव्या दिवशी यांनी पडदा उघडला, तोही रशियन जमीनदारांच्या गोष्टीवर. हे धाडस म्हणायचं की भलतंच काहीतरी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आजचं नाटक नवीन मुलांचं होतं. नाव देत नाही, कारण मला प्रेक्षकांबद्दल लिहायचंय. मध्यंतरानंतर एक प्रसंग आहे: आई गेलीय, मुलगी एकटी प्रेताशेजारी बसलीय आणि हळूच एक भजन सुरू करते. चर्चचंच, झुलू भाषेतलं. तिची पहिली ओळ संपायच्या आत माझ्या मागून कुठल्यातरी बाईने दुसरा सूर लावला. उजवीकडून एका पुरुषाने खालचा, पोटातला आवाज दिला. रंगमंचावरच्या बाकीच्या नटांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि इकडे तीन पदरी गाणं उभं! माझी मैत्रीण नाटकाकडेच बघत होती, एका हातात अर्धं खाल्लेलं थालीपीठ तसंच धरलेलं, आणि ती मधला सूर गात होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. आपण गर्दीत सरकून जागा देतो ना, तितकं सहज. प्रसंग संपला, थालीपिठाचा पुढचा घास घेतला.

पूर्ण प्रेक्षागृहात गप्प बसलेली बहुधा मी एकटीच.

आता खरा प्रश्न. गेल्या सुट्टीत पुण्यात एका वातानुकूलित नाट्यगृहात शाहिरीचा कार्यक्रम पाहिला. विषय जातीचा, शेतकऱ्याचा, सगळं कडक. शाहीर तीन वेळा म्हणाले, "झील धरा माझ्याबरोबर," म्हणजे मागून ओळ उचलून गा. लोकांनी मोबाइल वर केले. टाळ्या मात्र कडकडून. असं का होतं आपलं? की मीच भाबडेपणाने तुलना करतेय?

---

परळकर_जुना
रविवार, सकाळी ७:१०

ताई, उत्तर सोपं आहे. माइक.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते, मूळ गाव संगमेश्वरकडे. परळच्या दामोदर हॉलला (१९२२ पासूनचा, आता २०२३ पासून बंद आहे, तो वेगळा राग) शक्ती-तुऱ्याचे सामने लागायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, वडिलांच्या मांडीवर. समोरच्या शाहिराने कूट, म्हणजे गाण्यातलं कोडं, टाकलं की लोक खुर्चीतून उठून उत्तर द्यायचे. चुकलं तर शिव्याही. प्रेक्षक असा वेगळा कोणी नव्हताच, सगळे एकमेकांचे गाववाले.

झील म्हणजे काय, तरुण मंडळींसाठी सांगतो. शाहीर पुढे डफ घेऊन, मागे दोघे-तिघे झीलकरी, एकाच्या हातात तुणतुणं. शाहिराने ओळ टाकली की शेवटचे शब्द उचलून वर न्यायचे, 'जी जी रं जी जी' करून. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ आठवतो. म्हणजे झील हे शोभेचं काम नाही, तो शाहिराचा दम आहे. माइक नव्हता तेव्हा मैदानात आवाज पोचवायला झील मोठी लागायची. चार माणसं कमी पडली की पुढच्या रांगेतले लोक आपोआप धरायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अमर शेख यांच्या सभा ज्यांनी ऐकल्या ते हेच सांगतात. आता झीलकऱ्यापुढे स्वतंत्र माइक असतो, कानठळ्या बसतात. तुमची गरजच नाही, मग तुम्ही मोबाइल काढणार नाही तर काय करणार?

जाता जाता: आमच्या वेळी भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला जाण्यास वैध नाही असं छापलेलं असायचं. आणि तुम्ही तिथे थालीपीठ नेताय. बरं वाटलं.

---

काठावरचा
रविवार, सकाळी ९:३४

लेख आवडला, पण थोडं थंड पाणी ओततो.

सत्तर-ऐंशीच्या दशकात मार्केट थिएटरात येणारा प्रेक्षक बराचसा गोरा, शिकलेला, उदारमतवादी होता. १९६५ च्या सरकारी फतव्याने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाटक बघायला आणि करायलाही बंदी होती. मार्केटने ती धाब्यावर बसवली, हे मोठंच काम. पण दार उघडं ठेवलं म्हणजे माणूस येतोच असं नाही. सोवेटोहून रात्री यायचं कसं आणि नाटक संपल्यावर परतायचं कसं? पोलिसांची भीती होतीच, तिकिटाचे पैसे आणखी वेगळे.

खरी गर्दी कुठे होती? गिब्सन केंटेच्या नाटकांना. वस्त्यांमधले समाजमंदिरासारखे हॉल, रडारड, विनोद, नाच, दणदणीत गाणी, आणि गाडी पुढच्या गावाला. आपल्याकडच्या तमाशा फडासारखाच फिरता संसार. शहरी समीक्षक नाक मुरडायचे. पण १९७६ मध्ये 'हाउ लाँग'चा चित्रपट करत असताना सरकारने त्यालाच उचलून आत टाकलं. म्हणजे कोणाची भीती वाटायची ते सरकारला कळत होतं.

आता गंमत बघा. पर्सी म्ट्वा आणि म्बोंगेनी न्गेमा हे दोघे भेटले केंटेच्याच कंपनीत. तिथून बाहेर पडून त्यांनी बार्नी सायमनबरोबर १९८१ मध्ये 'वोझा अल्बर्ट' केलं. कल्पना अशी की येशू ख्रिस्त परत येतो आणि नेमका वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत उतरतो. आधी सरकार त्याचं स्वागत करतं, मग तो मजुरांत बसायला लागल्यावर तुरुंगात टाकतं. सगळी पात्रं दोनच नट करतात. गोरा दाखवायचा असला की नाकावर गुलाबी गोळा चढवायचा, झालं. पोलीस, न्हावी, वीटभट्टीवरचा पोरगा, रेल्वे, हेलिकॉप्टर, सगळं तोंडाने आणि अंगाने. हे नाटक जगभर गाजलं ते मार्केटच्या नावावर. पण त्यातलं गाणं आणि अंग मेहनतीने कमावलं गेलं ते केंटेच्या धुळीतल्या हॉलमध्ये.

म्हणून तुमच्या मैत्रिणीने जो सूर लावला तो मार्केट थिएटरने शिकवलेला नाही. तो ती घरून घेऊन आली होती.

---

फिरस्ता_७७
रविवार, सकाळी १०:०२

वाचतोय, मस्त चाललंय.
अवांतर: पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी जोबर्गला येतोय. तिथे रात्री पार्किंग सुरक्षित आहे का?

---

कॅसेटवाला
रविवार, दुपारी १:२०

काठावरचा यांना शंभर टक्के अनुमोदन. मी पंधरा वर्षं कॅसेट-सीडीचं दुकान चालवलं, त्यामुळे माझी तक्रार आणखी वेगळी आहे. ही सगळी गाणी आमच्याकडे यायची ती 'वर्ल्ड म्युझिक' या कप्प्यात. हा कप्पा कुठून आला माहितीय? १९८७ च्या जूनअखेरीस लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या एका पबच्या माडीवर छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. प्रश्न असा की मालीची, बल्गेरियाची, झिम्बाब्वेची रेकॉर्ड दुकानदाराने ठेवायची कुठे? रॉकमध्ये बसत नाही, जाझमध्ये बसत नाही. मग सगळ्यांवर एकच लेबल. दुकानदार म्हणून सांगतो, कल्पना उपयोगी होती, माल खपला. पण किराण्याच्या दुकानात 'इतर' नावाचा डबा असावा तसं ते झालं. कव्वाली आणि झुलू भजन शेजारी-शेजारी, साम्य एवढंच की दोन्ही गोऱ्यांचं नाही.

आणि त्या खालच्या, पोटातल्या आवाजाची किंमत ऐका. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक जोबर्गच्या रेकॉर्ड कंपनीत पॅकिंगचं काम करायचा. १९३९ मध्ये त्याने आपल्या मंडळींबरोबर 'म्बुबे' रेकॉर्ड केलं. म्बुबे म्हणजे सिंह. खाली पुरुषांचा घुमणारा कोरस आणि वर त्याचा चिरका, उंच आवाज. त्याचंच पुढे अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, मग डिस्नेच्या 'लायन किंग'मध्ये गेलं. लिंडाला हक्काचे मिळाले दहा शिलिंग. १९६२ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. मुलींनी दावा लावला, तडजोड झाली २००६ मध्ये. ते गाणं ऐकलं नाही असा माणूस या मंचावर सापडणार नाही. त्याचं नाव किती जणांना माहीत होतं?

ही गाणी मुळात खाणीत, कारखान्यात कामाला आलेल्या मजुरांची. बायका-पोरं गावाला, हे वसतिगृहात. शनिवारी रात्रभर चढाओढी चालायच्या, आजही चालतात. सूट, पॉलिश केलेले बूट, आणि नाच मात्र चवड्यांवर, मांजरासारखा. परळकर काका, तुमच्या वडिलांच्या खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने झोपत असतील ना? तेच हे.

---

परळकर_जुना
रविवार, दुपारी २:०५

अठरा. आणि भजनी मंडळाची पेटी माळ्यावर.

---

मुक्काम_जोबर्ग (धागाकर्ती)
रविवार, संध्याकाळी ६:४०

काठावरचा, पाणी पुरेसं थंड होतं, धन्यवाद. 'घरून घेऊन आली' हे मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर. चर्च, शाळा, आणि मुख्य म्हणजे मयत." तिच्या लहानपणी दर शनिवारी कोणाची तरी अंत्ययात्रा असायची, त्यात सूर शिकवायला कोणी बसत नसे. जो सूर रिकामा दिसेल तो धरायचा.

तिने आणखी एक किस्सा सांगितला, इथे सगळ्यांना माहीत असलेला. १९५५ मध्ये सोफियाटाउन ही काळ्यांची गजबजलेली वस्ती उठवली आणि लोकांना ट्रकमध्ये घालून मेडोलँड्सला नेऊन टाकलं. लगेच त्यावर एक नाचतं गाणं आलं, 'मेडोलँड्स', स्ट्राइक व्हिलाकाझी यांचं. सरकारी लोक खूश, त्यांना वाटलं नव्या वसाहतीचं कौतुक चाललंय! भाषा गल्लीतली, त्सोत्सीताल. आम्ही जाणार नाही, इथेच राहणार, हे तिच्यात बसलं होतं आणि ते ज्यांना कळायचं त्यांनाच कळत होतं. काका, तुमच्या कुटाचीच जात नाही का ही?

फिरस्ता, पार्किंगचं शेवटी सांगते.

---

डर्बनहून
रविवार, रात्री ९:१५

आतापर्यंत फक्त वाचत होतो. सगळे भारावलेले दिसताय, म्हणून न आवडणारी गोष्ट लिहितो.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या म्बोंगेनी न्गेमांनी १९८७ मध्ये याच मार्केट थिएटरात 'साराफिना' केलं. सोवेटोच्या शाळकरी मुलांचा उठाव, संगीतात ह्यू मासेकेला. पुढच्या जानेवारीत ब्रॉडवे, जवळजवळ सहाशे प्रयोग. थोर काम, वाद नाही.

त्याच न्गेमांनी २००२ मध्ये एक गाणं केलं: 'अमान्दिया'. म्हणजे भारतीय लोक. मथितार्थ असा की डर्बनचे भारतीय आम्हाला लुबाडतात, गोऱ्यांपेक्षाही वाईट वागतात, कोणी मर्द उभा राहून यांना सांगेल का? प्रसारणावरच्या तक्रार आयोगाने ते द्वेष पसरवणारं ठरवून रेडिओ-टीव्हीवर लावायला बंदी केली. त्या काळात मी इथे नवीन होतो. माझ्या शेजारी गुजराती दुकानदार, त्याच्या वडिलांनी १९४९ ची दंगल पाहिलेली, ज्यात १४२ माणसं मेली, भारतीय आणि आफ्रिकी दोन्ही. म्हातारा दोन दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडायचा.

ते गाणंही सामाजिक होतं. त्यालाही कोरस होता, चाल तर पायाला धरणारी. त्या दुकानात काम करणारा झुलू पोरगा मागे खोकी रचताना ते गुणगुणत होता. मालकाने ऐकलं, मीही ऐकलं. तिघेही काही बोललो नाही. आता सांगा, झील कोण धरणार?

---

सह्याद्रीपुत्र
रविवार, रात्री ९:४१

म्हणूनच म्हणतो कलेत राजकारण आणू नये. इतकी वर्षं आपल्या लोकांनी तिथे घाम गाळला, आणि हे बक्षीस!

---

काठावरचा
रविवार, रात्री १०:१८

सह्याद्रीपुत्र, तुमचं पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य एकमेकांशी भांडतायत.

डर्बनहून, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. बंदीबद्दल माझी दोन मतं आहेत. चिथावणी होती हे खरं. पण मूळ तक्रार हवेतून आली नव्हती. दुकानातला पगार, मागच्या दाराने आत येणं, कपबशी वेगळी. हे आपण मुंबईतल्या घरकामाच्या बाईबरोबर करतो तेच तिथे नेलं.

इतिहासातली एक गोष्ट सांगतो. ११ सप्टेंबर १९०६, जोहान्सबर्गचं एम्पायर थिएटर. नोंदणीच्या काळ्या कायद्याविरुद्ध भारतीयांची सभा, नाट्यगृह खच्चून भरलेलं, आणि सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली की हा कायदा पाळणार नाही. सत्याग्रहाची सुरुवात इथली. म्हणजे आपल्या लोकांनीही त्या शहरात एका नाट्यगृहात झील धरलीय, आणि काय धरलीय! पण ती शपथ भारतीयांची, भारतीयांसाठी. आफ्रिकी माणसाचा त्यात सूर नव्हता.

न्गेमांचं पुढचं प्रकरणही सांगून टाकतो. १९९५ मध्ये 'साराफिना २' नावाने एड्सच्या जनजागृतीचं नाटक त्यांना सरकारी खात्याने दिलं, कंत्राट १ कोटी ४२ लाख रँडच्या वर. केवढा गदारोळ झाला. शेवटी लोकपालासारख्या अधिकाऱ्यापर्यंत चौकशी गेली आणि नाटक गुंडाळलं. तुरुंगाच्या छायेत उत्तम नाटक करणारा माणूस सरकारच्या चेकवर अडखळला. आपल्याकडची हात धुवायची पथनाट्यं आठवा.

---

दर्याकिनारी
सोमवार, सकाळी ८:२५

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, कोकणी मुसलमान. आमच्या भागातली बरीच घरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाउनला गेली. आमचे एक चुलत आजोबा तिथेच गेले आणि तिथेच दफन झाले. दुकान डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये. १९६६ मध्ये सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि साठ हजारांवर माणसं उठवली. आमच्यांचंही दुकान गेलं. बुलडोझर भारतीय-आफ्रिकी असा भेद करत नाही.

त्यांच्या नातवाचा परवा व्हिडिओ कॉल होता. घरात अजून चार शब्द आमच्या बोलीतले आहेत, 'इलंस काय' छाप, बाकी इंग्रजी-आफ्रिकान्स. तो दोन जानेवारीच्या मिरवणुकीत गातो. तिथे नव्या वर्षाचा दुसरा दिवस म्हणजे गुलामांच्या सुट्टीचा दिवस. चमकत्या सॅटिनचे कोट, तोंड रंगवलेलं, बॅन्जो, हजारो माणसं रस्त्यावर. त्याची मंडळी डिस्ट्रिक्ट सिक्सचंच गाणं म्हणतात. मी विचारलं, तू तर जन्मलासही नव्हतास तेव्हा. तर म्हणाला, "चाचा, सूर रिकामा होता." खरं सांगतो, वर धागाकर्तीने हेच वाक्य लिहिलेलं बघून मी चहा बाजूला ठेवला.

डर्बनहून, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या खोकी रचणाऱ्या पोराचं नाव काय होतं?

---

डर्बनहून
सोमवार, सकाळी ११:५०

पहिलं नाव माहीत होतं, इथे लिहीत नाही. मालक त्याला 'बॉय' म्हणायचा. तेव्हा त्याची चाळिशी उलटलेली होती. आणि मीही वर 'पोरगा' लिहिलंय, आत्ता लक्षात आलं.

---

मुक्काम_जोबर्ग (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ८:३०

दिवसभर यावर काय लिहावं सुचत नव्हतं. 'अमान्दिया' मला माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला विचारलं, तुला ते गाणं येतं का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येतं. तेव्हा शाळेत सगळ्यांना यायचं." मी म्हटलं, म्हणून दाखव. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं नाही. डब्यात शेंगदाण्याची चटणी होती, दोघींनी संपवली.

मग तिनेच विषय बदलला आणि शनिवारच्या त्या भजनाचा मधला सूर मला शिकवायला घेतला, ऑफिसच्या जिन्यात, कारण तिथे आवाज घुमतो. मी सारखी तिच्या सुरात घसरत होते. ती म्हणे, "माझ्याकडे ऐकू नकोस, माझ्या खाली ऐक." पंचवीस वर्षांपूर्वी गांधर्वच्या तीन परीक्षा दिलेल्या, पण दुसऱ्याचा सूर चालू असताना आपला वेगळा धरून ठेवायचा, हे मला कधी कुणी शिकवलंच नाही. आपल्याकडे सगळे एकाच सुरात, नाहीतर एकटा गवई. परळकर काका, झीलमध्ये असा वेगळा सूर असतो का हो?

---

परळकर_जुना
सोमवार, रात्री ९:०२

नाही. वरची पट्टी असते, सूर तोच. पण तुणतुण्याचा एक हट्टी सूर खाली चालूच असतो, शाहीर कुठेही जावो. त्याच्या खाली ऐकून बघा.

---

मुक्काम_जोबर्ग (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:२०

बघते. फिरस्ता_७७, पार्किंग ठीक आहे. थिएटरच्या दाराशीच लावा, गाडीवर लक्ष ठेवणारे तिथे उभे असतात, निघताना त्यांच्या हातावर दहा-वीस रँड ठेवा. आणि कधी येताय? आम्हाला खालच्या आवाजाला पुरुष हवाय.

---

फिरस्ता_७७
सोमवार, रात्री ९:२६

चौदा तारखेला. बेसूर आहे, चालेल?

---

मुक्काम_जोबर्ग (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ९:३१

विचारलं तिला. म्हणते, मोठ्याने गाणार असेल तर चालेल. थालीपिठाची भाजणी घेऊन या, माझी संपत आलीय.